पाणंदीतले तीन चर

शेषेरावानं वाट अडवली नव्हती. असं तोच सांगायचा, अन् तेही छातीवर हात ठेवून. त्यानं फक्त पाणंद नांगरली, तीन जागी आडवे चर खोदले आणि मधल्या जागेत शेतातले धोंडे आणून टाकले. तहसीलचा माणूस चौकशीला आला तेव्हा हा गडी हसून म्हणाला, "वाट मोकळी हाय की साहेब! ज्याची गाडी जाती त्यानं खुशाल न्यावी." वा रे वा! घराला आग लावायची आणि वर म्हणायचं, दार तर उघडंच होतं.

पाणंदीच्या टोकाला लुंबिनीची केळीची बाग होती. अर्धापूरची काळी जमीन, तिच्या सासऱ्यानं मास्तरकी करून घेतलेली. बौद्धवाड्यातल्या माणसाचं शेत आपल्या बांधाला लागून असावं, हे शेषेरावाला तेव्हापासून खुपत होतं. आता घड कापणीला आले आणि व्यापाऱ्याची लॉरी पाणंदीच्या तोंडावरून माघारी फिरली. डोक्यावरून न्यावं तर शेषेरावाच्या धाकानं मजूर येईनात. मग त्याचा निरोप आला: जमीन मलाच देऊन टाका, कशाला जिवाला घोर?

लुंबिनीचा नवरा अश्वजित. भला माणूस, पण भांडणाला विटलेला.

"शेषेराव मालकाशी किती दिवस झुंजायचं?" तो म्हणाला. "ही बाग धड पोचली तर ठीक. माल नासला तर म्या सही करून टाकतो. लातूरला काम बघू."

"नासत न्हाई," लुंबिनी म्हणाली. बोलून तर बसली, आता निभावणं आलं.

घरी एक जुनी फोर-बाय-फोर पिकअप होती. तिच्या कमानी इतक्या कडक की चांगल्या रस्त्यावरही आतडी वर यायची. लुंबिनीनं ती नांदेडला शिवशंकरच्या गॅरेजात नेली. डोंगरदऱ्यांत गाड्या उडवणारी हौशी पोरं त्याच्याकडं यायची. त्यानं कॉईलओव्हर दाखवले: शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग आणि तिला खालून पेलणारी आट्यांची कडी. कडी वर चढवली की गाडी उंच, खाली उतरवली की बसकी. लुंबिनीनं हो म्हटलं. शिवशंकरनं जुन्या कमानी काढल्या, नवे ब्रॅकेट वेल्डिंग केले आणि चारी कड्या पार वरपर्यंत चढवल्या. गाडी इतकी उंच झाली की आत बसायला लुंबिनीला दांडी धरून चढावं लागलं.

"वाघीण दिसून राहिली ताई!" शिवशंकर म्हणाला. लुंबिनीलाही ते आवडलं. का आवडू नये?

पहिल्या खेपेला थोडेच घड नेले. तिन्ही चर गाडीनं असे पार केले की खाली काही घासलंसुद्धा नाही. लुंबिनी पाणंदभर हॉर्न वाजवत गेली. पण केळीचं दुखणं दुसऱ्या दिवशी दिसतं. सकाळी व्यापाऱ्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये पाहिलं तर सालीवर काळे डागच डाग, जणू कुणी फण्या बदडून काढल्यात. सगळा माल बाजूला पडला. अश्वजितनं डागाळलेल्या फण्या एकेक करून परत गाडीत टाकल्या. ते बघूनच लुंबिनीला जास्त लागलं.

शेषेराव ओट्यावरून म्हणाला, "काय गं लुंबिने, गाडी लई उंच झाली म्हणं. केळी मातर काळी!"

ती गाडीत बसून रडली. रडू येणार नाही तर काय, दगड आहे का ती? मग तोंड पुसलं आणि तशीच नांदेडला गेली.

"स्प्रिंग एक नंबर हाय ताई," शिवशंकर ऐकेना. "हिच्यात खोट न्हाई."

"खोट न्हाई, पण मेली कडक हाय. मला गाडी नाचवायची न्हाई दादा, घड निजवून न्यायचेत."

"तुम्हीच जोरात चालवली असंल."

"असं? मग चल. बस मागं हौद्यात."

तो हसत बसला. लुंबिनीनं गाडी थेट अर्धापूरच्या पाणंदीत आणून घातली. दुसऱ्या चरापर्यंत त्याचं हसू सरलं आणि तो केबिनच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवायला लागला. उतरला तो कंबर धरून. "ताई, म्या केळ असतो तर आजच काळा पडलो असतो," तो म्हणाला. लुंबिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसली.

मग मात्र त्यानं नीट विचार केला. ही स्प्रिंग याहून कितीतरी जड गाडीची होती, आणि उंचीच्या नादात कडी चढवून त्यानं ती आधीच दाबून ठेवली होती. तिनं धक्का गिळायचा कुठं? त्यानं नरम स्प्रिंगा बसवल्या, कड्या उतरवल्या, शॉकअप असा लावला की दबलेली गाडी सावकाश वर यावी, उसळी घेऊ नये. गाडी चार बोटं खाली बसली.

"बसकी दिसती. पोरं हसतील," तो म्हणाला.

"हसू दे. केळी त्यांची हायत का?"

"आन् अर्धीच भरा. जास्त भरली तर स्प्रिंग पार दबून टेकंल आन् सगळा धक्का मालाला बसंल. आन् खेप झाली की चिखल तिथंच धुवायचा. काळी माती आट्यांत वाळली तर कडी जाम होती, शॉकअपच्या दांडीला चिकटली तर सील फाटून तेल गळतं."

तेव्हापासून लुंबिनी रोज रिकामी गाडी चरांतून फिरवून आणायची आणि संध्याकाळी तिच्याखाली शिरून जुन्या टूथब्रशनं आटे घासायची आणि फडक्यानं दांडी कोरडी करायची. शेषेराव मुद्दाम तिथून जायचा. "गाडीचे दात घासून राहिली का?"

"हाव," ती खालूनच म्हणायची. "तुमच्या चरातली घाण लई चिवट हाय."

कापणीच्या दिवशी तिनं अर्धी गाडी भरली. खाली केळीची पानं, घडाघडांत गोणपाट. अश्वजित पुढं चालत हातानं दाखवायचा, चाक इकडं, चाक तिकडं. गाडी चरात उतरायची, दबायची आणि आळसावल्यासारखी वर यायची. रात्रभर दोघांनाही झोप लागली नाही. सकाळी शेडमध्ये माल पारखणाऱ्या महानंदानं फण्या पाण्यातून काढल्या आणि एकेक उलटून पाहिली. डाग नव्हता. हिरवीगार, जशी झाडावर होती तशी.

"आणा उरलेला माल," ती म्हणाली. अश्वजितनं तोंड फिरवून डोळे पुसले. सहीचं नाव त्यानं परत काढलं नाही.

त्याच दुपारी गाडी पुन्हा भरून निघाली, तर शेवटच्या चरापुढं मधोमध शेषेराव उभा. मागून बौद्धवाड्यातली केवळाबाई आणि आणखी दोघी गवताचे भारे घेऊन येत होत्या. चाकांनी पाणंद जरा दबली, तशा त्याही परत इकडून ये-जा करायला लागल्या होत्या. त्या गाडीमागं थांबल्या.

"चर उद्याच बुजवतो," शेषेराव म्हणाला. आवाज लोण्यासारखा. "फक्त चार माणसांदेखत एकदा हात जोडा. मालक, वाट द्या म्हणा. बस, मिटलं."

अश्वजितचे हात आपोआप वर यायला लागले. पिढ्यांची सवय ती, एका दिवसात कुठं जाती?

"हात खाली करा," लुंबिनी खिडकीतून त्याला म्हणाली. मग शेषेरावाकडं वळली. "मागून घेतलेली वाट तुम्ही उद्या परत काढून घेताल. सरकारी पाणंद हाय ही, तुमच्या घरची भाकर न्हाई. चर बुजवा न्हाईतर आणखी खोल करा. म्या उद्या येणार हाय, परवा येणार हाय. सरका."

शेषेराव हलला नाही. लुंबिनीनं हॉर्न वाजवला नाही आणि इंजिनही बंद केलं नाही. केवळाबाईनं डोक्यावरचा भारा उतरवला नाही. कुणालाच माघारी जायची घाई नव्हती. ते बघून शेषेराव एक पाऊल बाजूला झाला, जेमतेम.

अश्वजितनं चाकाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"शेषेराव," तो म्हणाला, "आणखी थोडं सरका. माल नाजूक हाय."