शाकाहारी मरळ

आमच्या गावच्या बारवेतला मरळ दहीभात खायचा. हे मी ऐकीव सांगत नाही, पाहिलेलं आहे; तरी लिहिताना हात अडखळतो, कारण मरळ म्हणजे मासे खाणारा मासा, तो दहीभात खातो यावर शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नये.

बीदरहून हुमनाबादकडे जाताना कमठाण्याच्या पुढे आमचं गाव लागतं. गाणगापूरला निघालेल्या महाराष्ट्रातल्या गाड्या आमच्या महादेवापाशी घटकाभर थांबत. लोक बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात चुरमुरे टाकत. मासे देवाचे, म्हणून त्यांना कुणी गळ लावत नसे.

मरळांत सगळ्यात थोरला अप्पा. काळा, मांडीएवढा जाड, तोंडावर निवृत्त तहसीलदाराचा भाव. सुमतीवहिनी रोज दुपारी वाटीत दहीभात घेऊन जायच्या, "अप्पा, या" म्हणायच्या, आणि तो यायचा. नवऱ्यापेक्षा तो त्यांचं जास्त ऐकायचा.

नवरा म्हणजे नरहरराव, देवस्थानच्या पंचांचे प्रमुख आणि माझे मित्र. "आमच्या बारवेतला मरळसुद्धा शाकाहारी आहे," असं ते यात्रेकरूंना छाती काढून सांगत. पण अप्पा वहिनींशिवाय कुणासाठी वर येत नसे. यात्रेकरू कुरकुरत, "मासे कुठंयत? चुरमुरे फुकट गेले." हे नरहररावांना फार लागलं. एका उन्हाळ्यात त्यांनी उदगीरकडच्या एका ओळखीच्याच्या तळ्यातून दुधाच्या कॅनमध्ये चिलापी मासे आणले आणि शंख वाजवून बारवेत सोडले.

चिलापीला लाज नसते. चुरमुरा पाण्याला टेकायच्या आत तोंड वर. यात्रेकरू खूश, नरहरराव खूश. पुढे बारवेत पाणी कमी आणि चिलापी जास्त अशी गत झाली. मरळांची अंडी त्यांनी खाल्ली, पिलं खाल्ली. उरला एकटा अप्पा, तोही वाळून निम्मा झालेला. दहीभात त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही.

"ते मासे काढा," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. मी तिथेच चहा पीत होतो. "नाहीतर अप्पा या उन्हाळ्यात जातो. आणि तो गेला तर तुमच्या देवळात मी पाऊल टाकायची नाही."

"देवाच्या बारवेत हत्या करू?" नरहरराव म्हणाले. "त्यापेक्षा कमठाण्याच्या तळ्यात नेऊन सोडू."

"तिथल्या मरळांना कुणी वाली नाही म्हणून? नोकरीत हेच केलंत. लाचखाऊ कारकून बदलीवर औरादला पाठवायचा आणि आपण हात धुवायचे."

मी चहात बघत राहिलो. नरहररावांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता.

"मास्तर, तुम्ही पिराजीकडे जा. ती माणसं मासे खातात. त्यांना म्हणावं, घेऊन जा सगळे."

मला नाही म्हणता येत नाही. गेलो.

पिराजी गावाबाहेर स्वतःच्या रानात तुरीच्या काड्यांची मोळी बांधत होता. त्याच्या घरच्यांनी छप्पन सालानंतर लगेच धम्म घेतला होता. बारवेत तो कधी उतरला नव्हता. आधी उतरू देत नव्हते; नंतर त्याने स्वतःची विहीर खणली आणि गरज उरली नाही.

"मास्तर, कामून उन्हात हिंडायलाव?"

मी अडखळत सगळं सांगितलं. बाहेरचे मासे, देशी माशांवर अन्याय वगैरे.

"बाहेरचे?" पिराजी हसला. "छप्पन साली आपण तर जागचं न हालता हैदराबादचे म्हैसूरचे झालो. आपल्याला कोण काढायलंय?"

"तसं नव्हे. ते दुसऱ्यांची पिलं खातात."

"मग मारा की."

"नरहरराव म्हणतात, तुम्ही..."

"म्हणजे माझ्या आज्याला पाण्याला हात लावू दिला न्हाई. आता मला लाव म्हणतेत, ते बी मारायला? आम्ही पंचशील घेतलंय मास्तर. पहिलंच शील हाय, जीव मारायचा न्हाई."

"पण मासे तर तुम्ही खाता."

"खातो की. रावसाहेब सत्यनारायण घालून खोटं बोलत न्हाईत का?" मग मोळीवर गुडघा दाबत म्हणाला, "पाप त्यांचं आन् हात माझे, असलं काम मी करत न्हाई. त्यांना सांगा."

मी सांगितलं. शक्य तेवढं सौम्य करून सांगितलं, तरी नरहररावांचा चेहरा पडला. वहिनींचा मात्र उजळला. "बरोबर बोलला तो," त्या म्हणाल्या आणि दोरीवरची नवऱ्याची दोन धोतरं ओढून दोन्ही एकमेकांना शिवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कासोटा घट्ट करून बारवेत उतरल्या. उन्हाळ्याचं पाणी, कमरेएवढं. धोतराच्या जाळ्याचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मी दोनदा घसरलो. वरून पिराजीचा आवाज आला. तो बघायलाच आला असावा.

"अक्का, मास्तर बुडतेत बघा."

"तू धर मग दुसरं टोक. मारायचं मी बघते. धरशील का?"

 पिराजी चपला वर काढून पायऱ्या उतरला. नरहरराव वरच्या पायरीवर होते. 

धोतरं ओढली की चिलापींचा ढीग पायरीवर पडायचा. तडफड बघवत नव्हती. वहिनी बघत होत्या. अप्पा जाळ्यात आला की त्याला हाताने बाजूला सारत होत्या. दुपारपर्यंत पाणी मोकळं दिसायला लागलं. मग त्यांनी एक मोठी चिलापी उचलली, आणि तिच्या तोंडातून बारीक पिलं पाण्यात सांडली. डासांएवढी.

"अगंबाई! ही लेकरं तोंडात सांभाळते."



"हिला तरी सोड," नरहरराव म्हणाले.

"सोडली तर पुन्हा हेच. अहो, खाली या. हिला तुम्ही धरा. आणलीत तुम्ही."

नरहररावांनी माझ्याकडे बघितलं. मी पिराजीकडे. पिराजी आभाळाकडे. शेवटी ते खाली आले, चिलापी ओंजळीत घेतली, कोरड्या पायरीवर ठेवली आणि तिचे कल्ले थांबेपर्यंत शेजारी बसून राहिले. एकदा मंत्र म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

मेलेले मासे पिराजीने पोत्यात भरले. "मारले न्हाईत, मेलेले उचललेत," असं त्याने मला मुद्दाम ऐकवलं. संध्याकाळी त्याच्या बायकोच्या, इंदिराबाईच्या चुलीचा वास आमच्या गल्लीपर्यंत आला. नरहररावांनी खिडकी लावली. थोड्या वेळाने उघडलेली दिसली.

दुसऱ्या दुपारी वहिनी वाटी घेऊन बारवेत गेल्या. मीही गेलो. सांडलेली पिलं पायरीपाशी ढगासारखी तरंगत होती. पुन्हा बारव भरायला तेवढी पुरेशी होती. अप्पा हाक न मारताच आला आणि तोंड वर करून थांबला.

वहिनींनी घास उचलला. पिलांकडे बघितलं, अप्पाकडे बघितलं, आणि घास परत वाटीत ठेवला.

"आम्हीच बिघडवला ह्याला," त्या म्हणाल्या.

अप्पा बराच वेळ थांबला. मग कंटाळून वळला, आणि एकाच घोटात पिलांच्या ढगाला भोक पडलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. अप्पाने पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्या पायरीवर बसल्या आणि दहीभात स्वतः खाल्ला. मला विचारलंही नाही.