सहा सिलिंडरचा ठोकळा

हाचिरो गेला, त्यानंतर आमच्या ओतशाळेत कुणी मोठ्याने हसेनासं झालं. कावागुची गावाला भाजणं नवं नव्हतं. किटल्या, शेगड्या, पंप ओतणारं गाव ते. प्रत्येकाच्या हातावर, मानेवर चट्टे असायचेच. पण हाचिरोसारखं कुणी गेलं नव्हतं. त्याने साच्यात लोखंडाचा रस ओतला आणि साच्याने तो उलटा त्याच्याच तोंडावर फेकला.

मी नुई. मिनोवा कारखान्यात गाभे करायची. वस्तू पोकळ ओतायची असली की पोकळी हवी तिथे आधी वाळूचा आकार बसवतात, तोच गाभा. रस त्याच्याभोवती थिजतो, मग वाळू झटकून काढायची. किटलीचा गाभा मी डोळे मिटून केला असता. पण त्या वर्षी मालकांच्या डोक्यात मोटार शिरली.

त्यांनी योकोहामाहून एक अमेरिकन गाडी आणवली, गावातून एक चक्करही न मारता तिचं इंजिन उतरवलं आणि ते सागारासाहेबांच्या हवाली केलं. साहेब डेट्रॉइटच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून आलेले. माणसं त्यांच्या माघारी त्यांना 'डेट्रॉइट' म्हणायची. साहेबांनी इंजिनाचा तुकडा न् तुकडा सुटा करून पांढऱ्या कापडावर मांडला. मधोमध तो ठोकळा. शेजारी शेजारी सहा मोठी भोकं, त्यांच्याभोवती पाणी खेळायला आतल्या आत वाटा, आणि मधल्या भिंती इतक्या पातळ की बोटाने वाजवल्या तर वाटीसारख्या वाजाव्यात.

कुवाबारा मुकादमांनी भट्टीपुढे जन्म काढलेला. त्यांनी ठोकळ्यात हात घातला, आत चाचपलं आणि हात बाहेर काढून पुसला.

"साहेब, हे ओतलंय का फुंकलंय? काचेच्या बाटलीसारखं?"

"ओतलंय, मुकादम. तिकडे रोज शेकड्यांनी ओततात."

"मग तिकडचं लोखंड वेगळं असणार."

"लोखंड आपल्यासारखंच. गाभे वेगळे आहेत. आणि ते बायका करतात."

मुकादम माझ्याकडे आणि शिगेकडे बघून म्हणाले, "घ्या! आता मोटार बायकांच्या पदरात."

शिगे ही हाचिरोची बायको. तेव्हा तो होता. ती फिस्सकन हसली होती, एवढं मला आठवतं.

पहिला ठोकळा आम्ही जुन्या पद्धतीने केला, चिकणमातीच्या गाभ्यांवर. आतली वाफ निघून जायला गाभ्यांत बारीक वाटा ठेवाव्या लागतात, त्या कुठेतरी बुजल्या. पुढचं सांगितलंच. शिगे महिनाभराने कामावर परत आली आणि माझ्या शेजारी पूर्वीच्याच जागी बसली. आपण केलेल्या गाभ्यांतला कुठला बुजला होता, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही. कळायला मार्गही नव्हता.

रसाची बादली ओतायच्या कामावर हाचिरोच्या जागी कोण, याची वाट बघावी लागली नाही. मुकादमांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं.

"र्योझो, तुझा हात स्थिर आहे."

"हो," हे म्हणाले. घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले आणि भाताचा वाडगा नुसता हातात धरून राहिले.

"अहो, नाही म्हणा ना," मी म्हटलं.

"म्हणून? मग कोण उभं राहील तिथे? गोन्झो? त्याचं पोर अजून रांगतंय."

आमचं मूल जगलं नव्हतं. हे तसं बोलले नाहीत, पण मला ते ऐकू आलं.

पावसाळाभर सागारासाहेबांनी आम्हाला नवी रीत शिकवली. वाळूत जवसाचं तेल कालवायचं, आकार द्यायचा आणि गाभ्यांच्या वेगळ्या लहान भट्टीत पावासारखा भाजायचा. तेलाचा वास केसांत बसला, भातालाही लागायला लागला. गाभे मोडायचे, परत करायचे. पुढे पुढे ते इतके सुबक व्हायला लागले की साहेब एकेक उजेडात धरून हसायचे. मला मात्र तो सुबकपणाच भिववायचा. मातीचा गाभा मला कळायचा; ओला आहे की सुका, हात लावला की समजायचं. हा तेलाचा गाभा काही सांगायचाच नाही. सगळे सारखेच तांबूस, सारखेच कडक.

ओतायचा दिवस ठरला तेव्हा आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. भिंतींना ओल आलेली, घड्या घातलेले कपडेसुद्धा दमट. सकाळी शेवटचे गाभे साच्याकडे न्यायचे होते. एक मी दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला, आणि जाता जाता तो माझ्या गालाला टेकला.

गार लागला.

बाकीचे कोमट होते. हा गार. भट्टीच्या दाराजवळचा असेल, आधी निवला असेल. का आतून ओला असेल? मी थांबले. गोन्झो ओरडला, "नुईबाई, आण ना लवकर! काय बाळ झोपवतेस का?" आणि मी तो त्याच्या हातात दिला. त्याने तो साच्यात बसवला, वर दुसरा अर्धा भाग चढला, वजनं ठेवली. झालं. आता तो दिसणार नव्हता.

ओतायच्या वेळी बायकांनी आत थांबायचं नाही, अशी आमच्याकडे जुनी चाल. भट्टीच्या देवीला बाईमाणूस खपत नाही म्हणतात. आडव्या बांधलेल्या दोराच्या पलीकडे, पाण्याच्या पिंपाशी आम्ही उभ्या राहायचो. मी तिथे शिगेजवळ उभी राहिले आणि माझे दात वाजायला लागले.

"थंडी वाजतेय?" शिगेने विचारलं.

"एक गाभा गार होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं.

"कुणाला सांगितलंस?"

"खात्री नाही गं मला. नुसता गार लागला."

आत भट्टीचं तोंड फोडलं. भिंतीवर नारिंगी उजेड नाचला. साखळीला टांगलेली बादली भरून सरकत यायला लागली, आणि तिच्या लांब दांड्याला माझा नवरा. डोक्याला ओलं फडकं, डोळे बारीक केलेले. मला त्यांची मान दिसत होती. सकाळी मीच ती मागून चोळून दिली होती. बादली साच्यावर आली. यांनी पाय रोवले.

पुढचं मी ठरवून केलं नाही. दोर पोटाला लागला तेव्हा कळलं की मी धावतेय.

"थांबा! ओतू नका! गाभा ओला आहे!"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. फक्त यांनी वळून पाहिलं नाही; बादलीवरची नजर काढली असती तर तिथेच सांडलं असतं. पण दांडा थांबला.

"बाईला बाहेर काढा!" मुकादम गरजले. "कुणी आत येऊ दिलं हिला? र्योझो, ओत! रस निवतोय!"

"अहो, नका!"

बादलीतला रस हळूहळू काळवंडायला लागला होता, वर साय धरल्यासारखा. तेवढ्या वेळात मला वाटलं, आता हे ओततील आणि मी बघत राहीन. सागारासाहेब एका बाजूला उभे होते, पांढरे फटक. त्यांनी हात वर केला.

"खड्ड्यात ओता," ते म्हणाले. "साच्यात नको. कोरड्या खड्ड्यात ओता."

सकाळपासून तापवलेली भट्टी, आठवड्याचं काम, सगळं खड्ड्यात गेलं आणि तिथे फसफसत बसलं. मग कुणी न सांगता गोन्झोने साचा उघडला. मी बोटाने दाखवला तो गाभा साहेबांनी काढला, गुडघ्यावर ठेवून मोडला.

आतून तो बिस्किटासारखा कोरडा होता. वाळू खळकन जमिनीवर पडली. दुसरा मोडला, तिसरा मोडला. सगळे कोरडे.

मुकादम खाली थुंकले. "हाचिरो गेला तेव्हा एकही बाई आत नव्हती आली," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. गोन्झोने माझी नजर टाळली. यांनी दांडा जागेवर टेकला, मागच्या दाराने बाहेर गेले आणि भिंतीला धरून ओकले.

घरी आलो. मी चुलीपाशी बसले. मला वाटलं, मारतील. कधी मारलं नव्हतं, पण वाटलं.

"मी मनाची तयारी केली होती," हे भिंतीकडे बघत म्हणाले. "समजलं का? तिथे पाय रोवले तेव्हा मी सगळं सोडून दिलं होतं. आता ते परत करायचं. परत भट्टी लागणार, परत मी तिथे उभा राहणार. एकदाच मरायचं होतं, तू दोनदा मरायला लावलंस."

"तुम्ही मेला असता तर?"

"गाभा कोरडा होता, नुई!"

"मला कुठे माहीत होतं?"

हे उठले. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मलाही माहीत नव्हतं." यांचे खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही. भीती वाटली, गेले तर दोघंही मोडून पडू.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावणं पाठवलं. कामावरून काढणार, असं धरूनच मी गेले. तिथे मुकादम होते आणि शिगेही आली होती, न बोलावता.

"गाभा गार लागला म्हणजे नेमकं काय?" साहेबांनी विचारलं.

"गालाला लागला, साहेब. बस, एवढंच."

"मी तिकडे इतकी वर्षं होतो," ते म्हणाले. "तिकडच्या बायका कशावरून ओळखायच्या, ते मी कधी विचारलंच नाही. गाभे बघितले, भट्टी मोजली, तेल कुठलं ते विचारलं. काल तुम्ही ओरडलात तेव्हा मला कळलं, कोरडा आहे हे मलाही ठाऊक नाही. नुसती आशा आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "इथून पुढे प्रत्येक खेपेत भाजायच्या भट्टीच्या दाराजवळचा एक गाभा जास्तीचा करायचा आणि ओतायच्या आधी मोडून बघायचा. सगळ्यांसमोर."

"आणि ही परत धावत आली तर?" मुकादमांनी विचारलं.

"दोरापासून धावत यायला नको. दोघी आतच उभ्या राहतील."

"देवीला चालणार नाही, साहेब. मी पाप घेणार नाही."

तेव्हा शिगे बोलली. हाचिरो गेल्यापासून मुकादमांशी ती बोललीच नव्हती.

"आम्ही बाहेर उभ्या होतो ना, मुकादम? चालीप्रमाणे? मग देवीने त्यांना का नाही राखलं?"

मुकादमांनी डोक्याचं फडकं काढलं. म्हातारे एकदम लहान दिसायला लागले. "मला काय ठाऊक, पोरी," ते म्हणाले. "मी रोज तिला तेच विचारतो."

पाऊस उघडल्यावर परत भट्टी लागली. जास्तीचा गाभा मोडला, कोरडा निघाला, आणि तरी कुणाचीच छाती हलकी झाली नाही. मुकादमांनी शुद्धीसाठी भट्टीपुढे मीठ टाकलं. मी आणि शिगे खांबाला टेकून उभ्या. तिने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतली होती. यांनी पाय रोवले, या वेळी माझ्याकडे एकदा बघितलं आणि दांडा वाकवला.

रस आत जायला लागला. साच्याच्या भोकांमधून निळ्या ज्वाळा भकाभका निघाल्या. आत काहीतरी गुडगुडलं, पोटात गडबड व्हावी तसं, आणि वरची वजनं थरथरली. गोन्झो मागे सरला. शिगेने डोळे मिटले. मी मिटले नाहीत; मिटले तर हे जातील, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात होतं. गुडगुड वाढली, थांबली. रस तोंडापर्यंत वर आला आणि तिथे शांत बसला, दुधाच्या पातेल्यासारखा.

यांनी बादली सरळ केली. "भरला," म्हणाले, स्वतःलाच.

साचा निवल्यावर फोडला तर ठोकळ्याची एक भिंत फुटकी निघाली, कागद जळाल्यासारखं भोक. साहेब त्यात करंगळी घालून बघत बसले. मुकादम म्हणाले, "परत." त्यांच्या तोंडून तो शब्द आला याचंच सगळ्यांना नवल. मग परत, आणि परत. प्रत्येक वेळी आम्ही दोघी खांबाशी, प्रत्येक वेळी माझ्या मनगटात शिगेची नखं. लोक म्हणतात, सवय होते. मला झाली नाही. यांनाही नाही, ओतायच्या दिवशी सकाळी यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही, तो शेवटपर्यंत.

चांगला ठोकळा हिवाळ्यात निघाला. इंजिन जोडून पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा त्याने असा खाकरा काढला की मी दाराबाहेर पळाले, आणि या खेपेस सगळेच माझ्याबरोबर पळाले, साहेबसुद्धा. मग ते एकसारखं घुमायला लागलं आणि आम्ही एकेक करून परत आत आलो.

वसंतात ते एका ट्रकवर चढवलं. आराकावा नदीच्या पुलापर्यंत चालवून बघायचं होतं. साहेब म्हणाले, कुणाला बसायचंय? पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शिगे चढून बसली. मलाही तिने हात देऊन वर ओढलं. हे पुढे चालकाशेजारी. रस्ता खडबडीत, खाली इंजिन ओरडतंय, आणि पुलाच्या चढावर त्याचा आवाज घोगरा व्हायला लागला.

"नुई," शिगे माझ्या कानात ओरडली, "फुटेल का गं?"

"कोण जाणे!"

"मला उतरायचंय!"

"मलापण!"

पण ट्रक थांबला नाही. आम्ही एकमेकींना घट्ट धरून बसलो आणि पूल मागे गेला.