आहे तशी गाडी

गाडी विकायचं मी ठरवलं ते एका चहामुळे. एका संध्याकाळी आमच्या ह्यांनी गाडी शेजारणीच्या फाटकात घातली, तिच्याच घरात शिरले, खुर्चीत बसले आणि चहा मागितला. तिने दिला. हे प्याले. वर म्हणाले, "आज साखर बरोबर पडलीय." ह्यांना नीट दिसत नाही हे मला ठाऊकच होतं, पण ते साखरेचं फार झोंबलं.

डोळे दाखवा म्हटलं, की म्हणायचे, "काच धुरकट झालीय गं." चष्म्याचीही आणि गाडीचीही. शेवटी मी आणि माझ्या भाचीने ह्यांना असं काही घोळात घेतलं, की हे सही करून बसले. भाची वकील. तिने कागदावर लिहिलं, 'गाडी आहे तशी विकली.' म्हणाली, "मावशी, 'आहे तशी' या दोन शब्दांवर आता निर्धास्त झोप."

घेणारे होते शाळेतले कवायतीचे मास्तर. सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात. छाती काढून गाडीभोवती फिरले, टायरला लाथ मारून पाहिली आणि मला विचारलं, "आजी, गाडी कशी आहे?"

आता मला कुणी 'कशी आहे' विचारावं आणि मी नुसतं 'बरी आहे' म्हणावं, असं आजवर झालेलं नाही.

"मास्तर," मी म्हटलं, "एकदा पेट्रोल संपलं, तर ही पंपाच्या नुसत्या वासावर घरापर्यंत आली. आणि चढ असा चढते, की आपण वर पोचतो आणि आपला जीव मागून येतो."

मास्तर पोट धरून हसले आणि गाडी घेऊन गेले. आठवडा उलटायच्या आत ती एका चढावर बसली. क्लच खलास. मास्तरांनी दावा ठोकला, गाडी परत घ्या.

गाडी दारात आली की हे तिच्यात बसणार, आणि या वेळी फाटकात शिरतील की भिंतीत, कोण जाणे. ह्यांनी मात्र कोर्टात जायच्या दिवशी गुणगुणत दाढी केली.

मास्तरांचा वकील उठला. "आहे तशी म्हणजे कशी? आजींनी सांगितली आहे तशी!"

भाची म्हणाली, "मॅडम, माझ्या मावशीच्या बोलण्यावर आजवर कुणीच विश्वास ठेवलेला नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना दारातच सावध करतो." साक्षीला शेजारीण. ती तर टपूनच बसली होती. "या वहिनींनी मला सांगितलं, की त्यांच्या मांजराने फोन उचलून निरोप घेतला." खरं म्हणजे निरोप अर्धाच घेतला होता त्याने.

न्यायाधीशबाई हसल्या. आम्ही जिंकतच आलो होतो. तेवढ्यात हे पिंजऱ्यात उभे राहिले.

"क्लच खराब होता, हे तुम्हाला माहीत होतं?" मास्तरांच्या वकिलाने विचारलं.

"माहीत? अहो, मीच केला तो खराब!" हे म्हणाले. "ब्रेकचंही विचारा ना. हॉर्न त्याच्या मनात आलं तरच वाजतो. मास्तरांची घोर फसवणूक झालीय. मी आजच्या आज गाडी परत न्यायला तयार आहे."

भाचीने कपाळाला हात लावला. मास्तरांचा वकील हिरमुसला, त्याचे बरेच प्रश्न वाया गेले होते.

मला राहवेना. "मॅडम, देऊ नका हो! ह्यांना दिसत नाही. शेजारणीचं घर आपलं समजून चहा पिऊन आलेत. विचारा तिला!"

शेजारणीने ह्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "येतात भाऊजी कधीमधी चहाला," ती म्हणाली.

"आजी," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मांजरानंतर आता हे का?" सगळं कोर्ट हसलं. जन्मात एकदा शपथेवर सांगण्यासारखं खरं बोलले, त्याची ही गत. "विकणारेच राजी आहेत, तर बाहेर जाऊन मिटवा. जेवणानंतर येऊन सांगा."

मास्तरांनी आमची ती लाल गाडी ओढून आणून आवारात उभी केली होती. त्यांनी किल्ली ह्यांच्या हातात ठेवली. हे ऐटीत निघाले ते थेट एका पांढऱ्या गाडीपाशी. तिच्या टपावरून हात फिरवला. "बिचारीला उन्हात ठेवलीत हो." मग किल्ली घालायला लागले. "मास्तर, कुलूपही बिघडवलंत?"

"आजोबा, ही गाडी पांढरी आहे."

"धुतली असेल."

मास्तर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आजी, तुमच्याच दारावरून मी रोज पोरांची रांग मैदानावर नेतो."

"म्हणूनच तर ओरडत होते मी."

त्यांनी ह्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली. "आजोबा, गाडी मीच ठेवतो. क्लच काय, बदलता येतो."

"अहो, पण तुमची फसवणूक!" हे कळवळले.

"झाली तर झाली."

जेवणानंतर मास्तरांनी दावा मागे घेतला. का, असं विचारल्यावर म्हणाले, "गाडी आवडली." न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हेही मीच पढवलंय.

आम्ही पायीच निघालो. बराच वेळ हे फुगलेले. रस्ता ओलांडताना मात्र माझं कोपर धरलं. "गर्दी फार आहे," म्हणाले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"हो ना," मी म्हटलं. "तो बघा, पुढे हत्तीसुद्धा चाललाय."

"केव्हाच दिसलाय मला," हे म्हणाले.