झिजलेला अंगठा

हमालांनी ब्लँकेट काढलं आणि डोमितिल्ला बेन्चिनीनं ती मूर्ती लगेच ओळखली. लिलावघरातल्या टेबलावर भाजक्या मातीची मादोन्ना, म्हणजे मेरीमाता, उभी होती, कडेवर बाळ येशू. बाळाच्या उजव्या पायाचा अंगठा झिजून गुळगुळीत झाला होता. लहानपणी शाळेला निघताना तिनं तो रोज चाचपला होता.

"बार्तोलो दा सिन्या," प्रोफेसर वान्नोत्सी खुर्चीत टेकत म्हणाले. "त्या थोर शिल्पकाराच्या स्वतःच्या हातचं. तुम्ही फक्त अस्सल म्हणून सही करायची, सिन्योरा. आणि हा अंगठा बघा. पाचशे वर्षांची भक्ती आहे ही!"

त्यातली निम्मी माझ्या आईची, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

तिचे वडील नेल्लो चित्रांच्या चौकटी बनवत. ही मादोन्ना त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर पणजीपासून होती, आणि नेल्लोला तिचा भारी अभिमान. धंदा बसला तेव्हा मूर्तीची किंमत करायला त्यांनी या प्रोफेसरांना घरी बोलावलं. प्रोफेसरांनी शिल्प उलटं करून पाहिलं, मागं बोट फिरवलं. मग खालच्या बारमध्ये, गल्लीच्या कॉफीच्या अड्ड्यावर जाऊन, कॉफी ढवळत, सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "नक्कल! शंभर वर्षांपूर्वी प्रवाशांच्या गळ्यात मारायला असली डझनांनी भाजायचे." बार खो खो हसला. आठवड्याभरात एक दलाल येऊन मादोन्ना मातीमोलानं घेऊन गेला.

त्या दिवसापासून फ्लॉरेन्सच्या सगळ्यात मोठ्या शिल्पकारावरून नेल्लोचं नाव पडलं 'नेल्लो दोनातेल्लो'. आधी त्यांनी आणि बायकोनं बारमध्ये जाणं सोडलं, मग त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. फ्लॉरेन्समध्ये ज्याला आपल्या गल्लीतल्या बारमध्ये तोंड दाखवता येत नाही, तो माणूस जिवंतपणीच संपलेला असतो. नेल्लो बायकोची माफी मागत मागतच गेले. का, तर आपल्या घराण्यानं तिला खोट्या मूर्तीपुढं दिवा लावायला लावला!

डोमितिल्ला शिल्पं शिकली ती या रागापायी. आता तोस्काना प्रांतातलं मातीचं जुनं शिल्प कुठंही विकायला निघालं, तरी पहिला फोन तिला येई. ती 'अमक्याचं' म्हणाली तर त्या पैशात घर येतं, 'अमक्याचं असावं' म्हणाली तर अर्धं घर, आणि 'अमक्याच्या धर्तीचं' म्हणाली तर कुंडीसुद्धा येत नाही.

म्हणजे तो दलाल नावाला होता, मूर्ती प्रोफेसरांनीच घेतली होती. आणि बेन्चिनी हे नाव समोरच्या पाटीवर असूनही म्हाताऱ्याला काही आठवत नव्हतं. असल्या माणसांना मूर्तीच्या पदराची प्रत्येक चुणी आठवते. ती मूर्ती कुणाच्या भिंतीवरून काढली, ते मात्र नाही.

"लिलावाच्या कॅटलॉगात पूर्वीचा मालक कोण लिहू?" तिनं विचारलं.

"फ्लॉरेन्समधला खाजगी संग्रह. नेहमीसारखं."

"कुणाचा?"

"असेल कुणी चौकटवाला."

"नेल्लो बेन्चिनी. माझे वडील."

प्रोफेसरांच्या हातातली काठी घसरली. तिनं ती उचलून दिली नाही.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना?"

मूर्तीकडे बघत ते म्हणाले, "मागून माती बोटांनी कोरून काढलीय. नक्कल करणारा साच्यातून काढतो, आत बोटं घालत बसत नाही. हात लावला आणि कळलं."

"मग मी तुमचंच मत छापते. नक्कल. एवढ्या मोठ्या माणसाचं बोलणं खोडणारी मी कोण?"

"मी लंडनला नेईन!"

"न्या की. ते फोन कुणाला करतील?"

म्हाताऱ्याचा ताठा गेला. त्यांना नन्सच्या वृद्धाश्रमात जायचं होतं आणि या मातीशिवाय जवळ काही उरलं नव्हतं. डोमितिल्लाला खूप बरं वाटलं. 'नक्कल' लिहायला तिचा हात शिवशिवत होता. पण ते लिहिलं असतं, तर तिच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला असता?

"काय हवंय तुम्हाला?"

"माझ्या आईकडे यायचं. तिला सगळं सांगायचं. मग मी अस्सल म्हणून सही करते, आणि तुमचं नाव कॅटलॉगात आणणार नाही. शब्द देते."

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर प्रोफेसर आले. डोमितिल्लाच्या आईनं, नव्वदीच्या अस्सुंतानं, त्यांना कॉफी दिली, साखर पुढं केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे अस्सल होती?"

"होय, सिन्योरा."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय."

अस्सुंता उठली. तिनं खिडकीची दारं धाडकन उघडली. खाली बारच्या खुर्च्या भरलेल्या होत्या.

"ए फोस्को! मेल्या, बहिरा झालास का? वर बघ! नेल्लोला नावं ठेवायला तूच पुढं होतास ना? आता ऐक!" मग वळून म्हणाली, "या इथं, प्रोफेसर. बोला."

"सिन्योरा, आमचं असं ठरलं होतं की..."

"ते तुमचं आणि हिचं. माझ्याशी कुठं काय ठरलंय?"

प्रोफेसरांनी डोमितिल्लाकडे पाहिलं. ती आपल्या कपात कॉफी ओतत होती.

त्यांनी खिडकीची कड धरली आणि पुटपुटले, "नेल्लो बेन्चिनींची मादोन्ना अस्सल होती."

"मोठ्यानं! त्या दिवशी खाली बोललात तेव्हा बरा गळा होता!"

"अस्सल होती! मला माहीत होतं! मी खोटं बोललो!"

खाली फोस्कोनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

डोमितिल्लानं शब्द पाळला. कॅटलॉगात प्रोफेसरांचं नाव कुठंच आलं नाही. गरजही नव्हती, सोमवारपर्यंत शहरातला प्रत्येक दलाल ही गोष्ट हसून हसून सांगत होता. प्रोफेसरांना वृद्धाश्रम मिळाला, पण भेटायला कुणी गेलं नाही. डोमितिल्लाला त्यांची कीव आली नाही.

छापील कॅटलॉग तिनं आईला दाखवला. बार्तोलो दा सिन्या, आणि खाली बारीक अक्षरात: 'पूर्वी नेल्लो बेन्चिनी यांच्या संग्रहात.'

"संग्रह कसला गं?" अस्सुंता म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दाराशी तर होती."

"संग्रहच, आई."

अस्सुंतानं त्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग कोट चढवला, कॅटलॉग काखेत मारला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बारमध्ये कॉफी प्यायला खाली उतरली.