मथळा नसलेली नोंद

चष्मेवाल्याला थोडक्यात बोलता येत नाही, असं त्याची बायको म्हणायची, आणि ते खरंच होतं. नऊ वर्षं दर रविवारी हा गडी दुकान बंद ठेवून ब्लॉगवर हजार-हजार शब्दांचे लेख पाडायचा. भिंगांचे प्रकार, गिऱ्हाइकांच्या तऱ्हा, काड्या सैल का होतात. मथळा झोकात, शेवट त्याहून झोकात.

"एवढं दळण दळता, पीठ कोण नेतं?" बायको विचारायची.

ताई नेत होती. लेख टाकला की तिला मेल जायची, आणि तासाभरात तिनं ती उघडल्याची खूण दिसायची. सहा वर्षं भावाबहिणीत तेवढंच उरलं होतं.

कारण दाजी. ताईच्या नवऱ्याचा चष्मा यानंच केला आणि डावं भिंग उजवीकडे बसवलं. तिसऱ्या दिवशी दाजी जिन्यावरून पडले ते अंथरुणातून उठलेच नाहीत, त्यातच गेले. ते पडल्यावर तो चष्मा हातात घेतल्याबरोबर याला चूक कळली होती. पण ताईनं विचारलं तेव्हा हा शहाणा म्हणाला, "या वयात माणसं पडतातच, ताई."

त्यानंतर तिनं याचा फोन घेतला नाही. लेख मात्र एकही चुकवला नाही. ती कशाची वाट बघतेय हे याला पक्कं ठाऊक होतं. दर रविवारी तेच लिहायला बसायचा आणि भिंगं कशानं पुसावीत याच्यावर घसरायचा. लेख म्हटला की थाट आला, आणि त्या थाटात खरं बोलायचं राहून जायचं.

शेवटी त्यानं लेखांना रामराम ठोकला. आता गिऱ्हाईक आरशात बघत असलं की तेवढ्यात फोनवर दोन-तीन ओळी. मथळा नाही, सुरुवात नाही, मनात आलं की टाकलं. त्याला फार मोकळं वाटायला लागलं, उघडल्याची खूण बघायचंही सुटलं.

एके दिवशी नवा चष्मा लावून निघालेले एक आजोबा उंबऱ्याला अडखळले. पडले नाहीत, पण याला दाजींचा जिना आठवला. उभ्या उभ्याच त्यानं फोनवर लिहिलं, "ताई, भिंगं मीच उलटी बसवली होती. तेव्हाच कळलं होतं मला. चुकलो गं."

आणि टाकलं. सहा वर्षांचं ओझं एका मिनिटात.

खूण काही दिसली नाही. आठवडा गेला, महिना गेला. उघडूनसुद्धा बघत नाही, बरोबरच आहे तिचं, असं म्हणून तो गप्प बसला. फोन करायची छाती झाली नाही.

फोन आला तो भाचीचा. "मामा, आई गेली. झोपेतच."

ताईच्या घरून माणसं पांगल्यावर भाचीनं त्याच्यापुढे एक जाडजूड फाइल ठेवली. त्याचे सगळे लेख, छापून, तारखेनं लावलेले.

"शेवटचा तीन महिन्यांपूर्वीचा. लिहायचं का थांबवलंस रे? आई दर रविवारी मेल उघडून बसायची. म्हणायची, आता एवढंही नको झालं त्याला."

"थांबवलं कुठे? रोज लिहितोय मी!" त्यानं फोन तिच्या हातात दिला.

भाची नोंदी खाली खाली सरकवत गेली. एका नोंदीवर थांबली आणि ती पुन्हा वाचली. मग तिनं ब्लॉगच्या सेटिंगचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. तळाशी बारीक अक्षरात होतं, मथळा नसलेल्या नोंदींची मेल वाचकांना जात नाही.

दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणाऱ्या माणसानं तेवढी एक ओळ वाचली नव्हती.

"म्हणजे तिला कळलंच नाही," तो म्हणाला. "अगं, मी सांगितलं होतं. देवाशपथ सांगितलं होतं मी!" आणि एवढा मोठा माणूस भाचीसमोर हमसून हमसून रडला.

मग काय मनात आलं कोण जाणे, त्यानं डोळे पुसले आणि ती नोंद पुन्हा उघडली. मथळ्याच्या रिकाम्या जागी 'ताई' एवढंच लिहिलं आणि पाठवून दिली.

कपाटावर ताईचा फोन अजून चार्जिंगला लावलेला होता. तो वाजला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.