वाजणारी खिट्टी

मला यारी म्हणतात, मित्रांनो. नव्या विहिरीच्या काठावर उभं राहून दगडमाती वर ओढायची, वेळ पडली तर माणसालाही वर आणायचं, हे माझं काम होतं. आता मी जुनी झाले आहे. पण स्वस्थ पडून राहणं मला अजून जमत नाही, आणि त्याला कारण आहे.

शाहू छत्रपतींचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझे बाभळीचे पाय कसबा बावड्यात तासले गेले. दोर गुंडाळायचा रूळ, दोन बाजूंचे दोन दांडे आणि दातेरी चाक मात्र पेठ वडगावच्या मौलाली लोहारानं घडवलं. चाकावर त्यानं एक छोटी खिट्टी बसवली. दांडा फिरला की ती एकेका दात्यावरून उडी मारायची. टक्, टक्, टक्.

"ऐक धोंडुमावशी," मला उभं करताना मौलाली माझा दांडा धरायला आलेल्या धोंडुबाईला म्हणाला, "ही खिट्टी रिकाम्या बादलीपुरती हाय. भरल्या बादलीला हातच पायजेत."

"व्हय रं बाबा. लोखंडाला किती समजावशील?"

"लोखंडाला न्हाय, तुला सांगतोय की!"

खरंच होतं ते. दांड्यांवर हात असले की भरलेली बादलीसुद्धा मी अर्ध्या विहिरीत थांबवून धरायची, तसूभर हलू द्यायची नाही. हात निघाले की माझ्यात उरायची ती फक्त खिट्टीची थोडीशी अडकण. रिकामी बादली तेवढ्यावर लटकून राहायची. भरलेली मात्र मला उलटी फिरवत थेट तळाशी जायची. आणि ती कुठवर आली होती, हेही मग मला आठवायचं नाही. म्हणून रोज सकाळी आधी रिकामी बादली तळाला टेकवायची, खोलीची खूण म्हणून दोराला नव्यानं चिंधी बांधायची आणि मगच कामाला लागायचं, अशी रीत होती.

एका दांड्यावर धोंडुबाई असायची, दुसऱ्यावर बसम्मा. बसम्माचा नवरा शिवाप्पा खाली पहार चालवायचा. त्यांचं तान्हं बाळ शेजारच्या करंजाला बांधलेल्या झोळीत असायचं. माझी टकटक चालू असली की ते गाढ झोपे. एवढ्या धुळीत, एवढ्या गलक्यात! मला त्याचं फार अप्रूप वाटे.

येणारेजाणारे म्हणत, "यारी कशी बोलती बघा!" कौतुक कुणाला आवडत नाही? पण ते ऐकून ऐकून धोंडुबाईलाही वाटू लागलं, की यारी बोलते म्हणजे धरतेही. बादली वर येता येता ती घाम पुसायला हात काढी. बसम्मा एकटी रेटून धरी. माझा जीव खालीवर होई, पण सांगणार कसं? मला टक् एवढंच येतं.

मोहरमच्या दिवसांत विहिरीला पाणी लागलं. भिजलेला शिवाप्पा बादलीत उभा राहिला आणि ओरडला, "ओढा!"

तो अर्ध्यावर आला असेल, तोच ताशा वाजला. पीराचा पंजा दुसऱ्या पीराच्या भेटीला निघाला होता आणि बांधावरून इकडेच येत होता. उंच काठीवरचा तो पंजा मौलालीच्या हातात होता. मागून त्याची बायको जुलेखा ऊद घेऊन चालली होती. धोंडुबाईनं पंजा पाहिला, डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले.

टक्-टक्-टक्-टक्! उलट्या दिशेनं.

"मावशी, दांडा!" बसम्मा किंचाळली. तिनं छाती दांड्यावर टेकली, पण तिचे पाय मातीत घसरू लागले. दोर एकेका दात्यानं सुटत होता. झोळीतलं बाळ दचकून उठलं आणि टाहो फोडून रडू लागलं. बसम्माची मान तिकडे वळली. हात मात्र वळले नाहीत.

मौलालीनं ती उलटी टकटक ओळखली. पण हातातला पंजा तो खाली कसा ठेवणार?

"जुलेखा, पहार!"

जुलेखानं ऊद टाकला, काठावरची पहार उचलली आणि माझ्या चाकात खुपसली. माझा एक दाता मोडला. मी थांबले. तोवर धोंडुबाई दुसऱ्या दांड्यावर येऊन पडलीच होती. तिघींनी मिळून शिवाप्पाला वर काढलं.

काठावर बसून त्यानं आधी दम घेतला. मग म्हणाला, "काय गं मावशी, वर पीर आला म्हणून मला खाली धाडत हुतीस व्हय?"

"मेल्या, तुझ्यासाठीच हात जोडलंतं!" धोंडुबाई रडत म्हणाली. "पाणी लागू दे, लेकरू सुखरूप वर येऊ दे, म्हणून नवस बोललेली मी!"

जुलेखानं तिचे हात धरले. "मावशी, आमचा सलाम एका हाताचा असतो. पीराला तेवढा पुरतो. दुसरा हात शिवाप्पाला ठेवायचा."

बसम्मानं झोळीतून बाळ उचललं. बाळाला पदराखाली घेऊन ती माझ्या पायाशी किती तरी वेळ बसून राहिली.

त्यानंतर पुष्कळ विहिरी झाल्या. पंजा आला की धोंडुबाई एक हात कपाळाला लावी. दुसरा माझ्या दांड्यावर इतका घट्ट असे की बोटं पांढरी पडत.

मित्रांनो, आता मी माळावर गंजत पडले आहे. दोर कधीच कुजला. तुम्ही खेळायला येता, दांडा गरगरा फिरवता आणि सोडून पळता. खेळा की! जमलं तर थोडं तेलही घाला. पण तुमचा हात सुटला, की मोडक्या दात्यापाशी खिट्टी अडखळते आणि माझ्या काळजात धस्स होतं. म्हणून एवढंच मागते: कुठलाही दांडा सोडण्याआधी एकदा वाकून बघा. खाली कुणी आहे का?