मामांचं शटर आणि माझं रिकामं डोकं

मी एक जुना ट्रायपॉड आहे, मित्रांनो. तीन पाय, त्यावर डोकं आणि डोक्यावर दुसऱ्याचा कॅमेरा. कारखान्यातून निघालो तेव्हा तिन्ही पाय सारखे होते. पुढे फोटो स्टुडिओत, पासपोर्टसाठी श्वास रोखून बसलेल्या माणसांसमोर उमेदीची वर्षं काढली. ‘ठेवला तिथे राहतो’ अशी माझी ख्याती होती. माणसांबद्दल हे कौतुकाने म्हणत नाहीत. मग एक पाय लुळा पडला, त्याला चिकटपट्टी लागली आणि सिनेमा शिकवणाऱ्या कॉलेजात माझी रवानगी झाली.

तिथल्या एका मुलीने मला तिच्या मामांच्या सलूनसमोर उभं केलं. मामांनी सलून विकलं होतं, संध्याकाळी किल्ली द्यायची होती. मामा शेवटचं शटर ओढतात, हा तिच्या फिल्मचा पहिला प्रसंग. तो पुन्हा मिळणार नव्हता, म्हणून अँगल चुकून चालणार नव्हतं.

कॅमेरा खाली ठेवला की माणूस मोठा दिसतो, वर ठेवला की बिचारा, असं वर्गात शिकवलं होतं. मामा मोठे की बिचारे, यावर ती आणि तिचा कॅमेरावाला मित्र दुपारभर भांडले. ती फुटपाथवर पालथी पडली, तेव्हा एका आजींनी काय हरवलं म्हणून चौकशी केली.

शेवटी समोरच्या बाल्कनीतून पाहू म्हणून दोघं माझ्यावरचा कॅमेरा काढून वर गेली. मी तिथेच, दारासमोर, मामांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तेवढ्यात नवे मालक आले. कुणाला ताटकळत ठेवणं मामांना जमत नाही. ते आत गेले. जन्मभर गिऱ्हाइकं बसवली त्या खुर्चीत क्षणभर स्वतः बसले, आरशात पाहून भांग पाडला, खुर्ची पुसली, दिवा मालवला. शटर ओढलं, कुलूप हिसडून पाहिलं आणि किल्ली देऊन टाकली.

पोरं धावत खाली आली. पुन्हा एकदा ओढ म्हणून भाचीने गळ घातली. नवे मालक भले गृहस्थ, त्यांनी उघडून दिलं. मामांनी शटर छान ओढलं. जरा जास्तच छान.

“मघाशी खुर्चीत बसून भांग पाडला, ते नको का?” नव्या मालकांनी सहज विचारलं.

भाचीने आधी माझ्या रिकाम्या डोक्याकडे पाहिलं, मग मामांकडे. “बसतोस, मामा?”

“आता कसा बसू गं? यांचं दुकान आहे.”

फिल्मला बक्षीस मिळालं, अँगलसाठी. ते घ्यायला ती गेली नाही.

हल्ली मी कपाटामागे असतो, माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घालतात. आमची निगा राखा, असं शेवटी सांगायची पद्धत आहे. पण माझं चिकटपट्टीवर भागतं. मित्रांनो, आपलं माणूस कुठून चांगलं दिसेल ते खुशाल शोधा. फक्त शोधायला जाताना कॅमेरा त्याच्यासमोरून उचलून नेऊ नका.